मालगाडी, गुढी आणि फलाट नंबर सहा

४ फेब्रुवारी २००६, शनिवार
अक्षतने गराज सेलमधून स्कॅनर आणला. हातात मावेल एवढा रेडिओ, वर रबरी शेपटी. आगगाडीचे ड्रायव्हर आणि कंट्रोलवाले आपसात बोलतात, ते यावर ऐकू येतं. बाबांचा वेळ जाईल, असं तो सिद्धीला म्हणाला. सुनेला सांगतो आणि मी समोर उभा! वेळ जाईल म्हणे. अरे, माझं आयुष्य रेल्वेत गेलं. (पासेस सेक्शनला. पण रेल्वे ती रेल्वे.)

सोमवार ते शुक्रवार ही दोघं आपापली गाडी घेऊन जातात. मागे मी, मंदा आणि एकसारखी नवी कोरी घरं. फ्लॅट बुश या आमच्या उपनगरात बस नावालाच. चालत जाण्याजोगी एक डेअरी, म्हणजे आपला कोपऱ्यावरचा वाणी. मंदा म्हणते, कैद्यालासुद्धा भेटायला कोणीतरी येतं. तिची कॉलेजातली मैत्रीण सुचित्रा अल्बनीला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला, खाडीवरच्या पुलापलीकडे. आम्हाला इथे येऊन पाच महिने झाले, भेट नाही.

संकल्प : पाडव्याला मंदाला मी स्वतः गाडी चालवत सुचित्राकडे नेणार. शब्द दिला. इंडियन लायसन्स इथे वर्षभर चालतं. त्या दिवशी सिद्धी तिची गाडी घरी ठेवणार आहे. मंदाने लगेच फोन करून कळवूनही टाकलं. बायकांना धीर नसतो.

१२ फेब्रुवारी, रविवार
सराव. अक्षत शेजारी. राउंडअबाउटमध्ये मी उत्तम शिरलो. बाहेर पडणं मात्र इथल्या लोकांनी अवघड करून ठेवलंय. चार प्रदक्षिणा झाल्यावर अक्षत म्हणाला, बाबा, आता कुठलाही रस्ता धरा. मी सुरक्षिततेचा विचार करत होतो. शेवटी त्याने स्टिअरिंगला हात घातला. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. या देशात हॉर्न म्हणजे शिवीच.

निष्कर्ष : गाडी ऑटोमॅटिक आहे, त्यामुळे चालवणाऱ्याच्या हातात काही राहत नाही. आधी स्कॅनर मार्गी लावतो, मग गाडी बघू.

१४ फेब्रुवारी, मंगळवार
अक्षतने इंटरनेटवरून काढून दिलेल्या नंबरवर नुसती खरखर. आता इंटरनेट मला रेल्वे शिकवणार! मी स्वतः सर्चचं बटण दाबलं. आकडे पळत पळत एका ठिकाणी थांबले आणि माणसं बोलायला लागली. मागे घे, अजून मागे, थांब, बे सिक्सला लाव. वा! शुद्ध शंटिंग. बे म्हणजे फलाट, हे कोणीही सांगेल. अंगावर काटा आला. आवाज मात्र तुटक. अँटेना वाढवायला हवी.

मंदाला सांगितलं की सहा नंबरला मालगाडी लागली. तिने विचारलं, मग आपण कधी निघणार?

२१ फेब्रुवारी, मंगळवार
जितकी लांब तार, तितकं लांबचं ऐकू येणार. साधा हिशेब आहे. मागच्या अंगणात कपडे वाळत घालायची लोखंडी फिरती छत्री आहे, तिला तांब्याची तार गुंडाळली. अर्धा तास झकास. मग वारा सुटला आणि छत्री फिरायला लागली. अक्षतचे ऑफिसचे तीन शर्ट, एक टॉवेल आणि माझा चष्मा तारेत गेले. शेजारचा ग्रॅहम कुंपणावरून म्हणाला, स्वीट ॲज. कौतुक करत असावा.

आज एक शब्द वारंवार ऐकला : स्मोको. 'स्मोको, दहा मिनिटं.' म्हणजे या लाइनीवर अजून वाफेचं इंजिन आहे! अक्षतला माहीतसुद्धा नसेल.

४ मार्च, शनिवार
छताच्या वरच्या पोकळीत अँटेना बसवायला शिडीने चढलो. शिडी सरकून पडली. अक्षत क्रिकेटला. मंदा आणि सिद्धी भाजीला. पिवळ्या लोकरीसारखं काहीतरी पसरलंय तिथे, थंडी अडवायला म्हणून. थंडी अडत असेल, खाज नाही अडत. हाका मारल्या. ग्रॅहमच्या कुत्र्याने उत्तर दिलं.

दोघी दोन तासांनी उगवल्या. भाजी नव्हती. दर शनिवारी असंच. मंदाचे गाल लाल, आणि सिद्धी तिला म्हणत होती, आज तुम्ही मस्त केलंत. भाव केला असावा. इथे भाव करत नाहीत, हे बायकांना कोण सांगणार? मला खाली उतरवताना मंदाने पाडव्याची आठवण केली. सर्वांगाला खाज सुटलेल्या माणसाला!

१९ मार्च, रविवार
सराव रद्द. पाऊस.

२६ मार्च, रविवार
सराव रद्द. पाऊस नव्हता, पण आला असता. मंदाला म्हणालो, गाडी काय, पोहण्यासारखी असते, एकदा आली की आली. ती म्हणाली, तुम्हाला पोहताही येत नाही.

आज एक विचार सुचला. अँटेना उंच हवी, वर धातू हवा. आणि आपल्या संस्कृतीत ती सोय आधीच आहे. पूर्वजांना सगळं ठाऊक होतं.

३० मार्च, गुरुवार. पाडवा
ऐतिहासिक दिवस. गुढी उभारली. हार्डवेअरच्या दुकानातला बांबू, कडुनिंब मिळेना म्हणून ग्रॅहमच्या ऑलिव्हची डहाळी, साखरेची गाठी इंडियन शॉपमधली. कापड म्हणून मंदाने तिच्या आईची जांभळी पैठणी काढून दिली. वर तांब्या पालथा घातला आणि तांब्यापासून तार थेट स्कॅनरला. काय आवाज येतोय! कानाशी बसून बोलल्यासारखा. बे सिक्स, बे सेव्हन, स्मोको, सगळं.

दहा वाजता मंदा नऊवारी नेसून, श्रीखंडाचा डबा मांडीवर घेऊन सोफ्यावर बसली. गाडीची किल्ली टीपॉयवर. मी म्हणालो, आज वाहतूक फार आहे. ती म्हणाली, रस्त्यावर? मी म्हणालो, रुळांवर. मोटरवे, मग तो पूल, त्यात सणाचा दिवस, उगाच धोका कशाला. दुपारी एकला तिने सुचित्राला फोन करून सांगितलं की ह्यांना बरं नाही. मला काय झालंय? श्रीखंड मात्र छान झालं होतं. मी दोनदा घेतलं. तिने घेतलं नाही.

संध्याकाळी ती म्हणाली, सूर्य मावळायच्या आत गुढी उतरवा. मी म्हणालो, शास्त्र आपल्या सोयीसाठी असतं, आपण शास्त्रासाठी नसतो. साडेपाचची मालगाडी ऐन रंगात आली होती. ती तीनदा सांगून गेली. चौथ्यांदा आली नाही.

३१ मार्च, शुक्रवार
रात्री पाऊस. गुढी बाहेरच.

पैठणीचा जांभळा रंग पदरात उतरला, काठाची जर काळी पडली. मंदाने ती बाथटबवर पसरली आणि टॉवेलने काठ टिपत बसली. मी म्हणालो, ड्रायक्लीन करू. ती म्हणाली की आईची ही एकच साडी होती, आणि ते मला माहीत होतं. रागावली असती तर बरं झालं असतं. मी गराजमध्ये जाऊन बसलो. रेडिओ लावला नाही. म्हणजे लावला, पण हळू.

४ एप्रिल, मंगळवार
सिद्धीची गाडी आज घरीच. का, ते दहा वाजता कळलं. मंदाने किल्ली उचलली आणि मला म्हणाली, बसा. मी विचारलं, चालवणार कोण? ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली, आरसा नीट केला, आणि गाडी सुरू! तिचं लायसन्स मी विसरलोच होतो. भावाच्या मारुतीवर काढलं होतं, ओळखपत्राला बरं म्हणून. शनिवारची भाजी म्हणजे सिद्धीबरोबरचा हा सराव. घरात सगळ्यांना माहीत! तोच तो राउंडअबाउट तिने एका दमात पार केला. मी दाराची कडी घट्ट धरून होतो. सवय म्हणून.

अल्बनीला जायच्या आधी तिने गाडी पापाटोएटोए स्टेशनाशी लावली. म्हणाली, इतके दिवस घरून ऐकताय, आज समोर बसून ऐका. पैठणीबद्दल अक्षर नाही काढलं. मला भरून आलं. रुबाबात स्कॅनर काढला, माझा चॅनेल लावला. समोरून साक्षात मालगाडी, डब्यांमागून डबे, जमीन हादरतेय. आणि रेडिओत कोणीतरी म्हणतोय, बे सिक्सच्या तोंडाशी फोर्कलिफ्ट कोणी ठेवलाय, ट्रकवाला खोळंबलाय.

मालगाडी निघून गेली. ट्रकवाला खोळंबलेलाच.

मंदा हळूच म्हणाली की ही आपल्या घराजवळच्या ईस्ट टामाकीच्या एखाद्या गोदामातली पोरं असणार. आणि स्मोको म्हणजे चहाची सुट्टी, सिद्धीच्या ऑफिसात रोज म्हणतात. मग तिने अक्षतचा नंबर लावायला सांगितला. लावला. पुढची गाडी यायच्या आत ड्रायव्हर आणि कंट्रोल दोघंही स्वच्छ ऐकू आले. तार नाही, तांब्या नाही, नुसत्या रबरी शेपटीवर. फ्लॅट बुश रुळांपासून फार लांब, एवढंच काय ते होतं.

मी म्हणालो, सेटमध्ये दोष आहे. ती म्हणाली, असेल. मग विचारलं, पुलावरून येताय ना? मी म्हणालो, मला जरा गरगरतंय. तिने मला घरी सोडलं आणि एकटी गेली. दारात एवढंच म्हणाली की शब्द तिने मागितला नव्हता, मीच दिला होता.

११ एप्रिल, मंगळवार
मंदा अल्बनीला. आता दर मंगळवारी. आज मला चल म्हणाली नाही.

गुढीचा बांबू ग्रॅहमला त्याच्या वालाच्या वेलाला दिला. अक्षतच्या नंबरवर घरी खरखरच. म्हणून जुना चॅनेल लावला. आता माहीत आहे की गाडी नाही, ट्रक आहे. बे सिक्सला मालाने भरलेली दोन पॅलेट आडवी झाली. कोणीतरी शिव्या दिल्या, कोणीतरी हसलं. बरं वाटलं.

त्यांचा स्मोको झाला तेव्हा मीही चहा टाकला. साखर सापडेना. चारही कपाटं उघडली. मंदाला फोन केला, उचलला नाही. पुलावर असेल.