आईच्या आवाजाचा स्पीकर

३ मार्च

ठरलं. चोवीसला आईचं स्वरयंत्र काढणार. डॉक्टर सरळ म्हणाले, "आवाज राहणार नाही. काय रेकॉर्ड करायचं ते आधी करून घ्या." आई त्यांच्यासमोर हसली — "म्हणजे घरात शांतता!" मला तिचा रागच आला.

मी काँक्रीटचे साचे करते — कठडे, कुंड्या, खांब. मग आईच्या आवाजाला प्लायवूडचा डबा कशाला? तिने नोकरीत असताना वाचनालयाच्या गोल जिन्याचे नकाशे काढले होते. तोच जिना ओतायचा! बाहेरून वळत जाणाऱ्या पायऱ्या, आत स्पीकर. एकवीस दिवस आहेत. होईल.

६ मार्च

दादा फोनवर: "आधी मोबाइलवर आवाज घे, मग काय ते खोकं कर." मोबाइलवर! आधीच घोगरा आवाज, त्यात पंख्याची घरघर. स्पीकर दुरुस्त करणाऱ्या काकांकडे चांगला माईक आहे, दोन दिवसांसाठी देणार आहेत. खोकं झालं की आणते. त्यातूनच ऐकत ऐकत नीट घेता येईल. दादाला यातलं ओ की ठो कळत नाही.

९ मार्च

सत्यानाश! आत पोकळी राहावी म्हणून थर्माकोलचा गाभा ठेवला होता, तो ओल्या मालात तरंगून वर आला. एक भिंत चार बोटं जाड, दुसरी पुठ्ठ्याएवढी. नवख्यानेसुद्धा गाभा खाली बांधला असता. वीस वर्षं काय केलं मी?

आईने ते ध्यान पाहिलं. "जिना कोसळला का गं?" मग खोकला. थांबता थांबेना.

११ मार्च

आई आज आपणहून आली. काय बोलायचं ते मनाशी ठरवलंय म्हणे. "बसू या का आत्ता?" माझे हात कोपरापर्यंत सिमेंटमध्ये. "थांब ना गं, आधी खोकं होऊ दे." "बरं," म्हणाली आणि आत गेली.

खरं लिहू? माईक समोर ठेवला की ते शेवटचंच होणार. भीती वाटते मला. कामाला लागलं की नाही वाटत.

१२ मार्च

दुसऱ्यांदा ओतलं. गाभा तारेने जखडलाय.

१३ मार्च

दोन दिवस दम धरवला नाही! आजच साचा उघडला आणि तीन पायऱ्यांच्या कडा साच्याबरोबर निघून आल्या. आई त्यांच्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली. ऐकूच आलं नाही, इतका आवाज बसलाय. पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.

१७ मार्च

तिसरं जमलं!! एक बुडबुडा नाही, कडा अशा सुरेख! ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलंय. वीस तारखेला काका स्पीकर बसवायला येतील, माईकही आणतील. आईला सांगितलं, "वीसला बसायचं हं नक्की." तिने मान हलवली.

१९ मार्च

सकाळी आईचा श्वास अडकला. दादाने गाडी कशी चालवली देव जाणे. डॉक्टर थांबायला तयार नव्हते — आजच ऑपरेशन. आत नेताना तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

आई वाचली. पुढचं लिहवत नाही.

२९ मार्च

आई घरी आली. काकांनी बसवून दिलेला स्पीकर बघून इतकी खूश! एकेका पायरीवरून बोट फिरवलं. मग पाटीवर लिहिलं — "वाजव ना."

सगळा मोबाइल उपसला. लग्नांच्या व्हिडिओंत नुसता बँड. तिच्या आवाजाचं एकच सापडलं. पहिलं, बिघडलेलं खोकं कसं घुमतंय ते बघायला मी टकटक रेकॉर्ड करत होते तेव्हाचं. मागून आई — "अगं, दोन घास खाऊन घे." आणि मी — "आई, गप्प बस ना जरा!"