आडावाडीची पेटी आणि दोन कंपन्या

मी, कमलाकर मोरेश्वर धारप, वय वर्षे ६४, दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेला मेकॅनिक, राहणार पोलादपूर, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, माझ्याच हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. मैथिली कान्हेरे यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. पत्नी सौ. विनीता हिचे याबाबत वेगळे मत आहे, परंतु असे दाखले देण्याचा अधिकार तिला नाही.

१. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. कायदेशीर कागदावर मी यापूर्वी एकदाच, सन २००४ मध्ये सही केली. तिचे काय झाले ते कलम ५ मध्ये येईल. त्या अनुभवानंतर हा कागद मी वकिलाकडून न लिहविता स्वतःच लिहीत आहे. भाषा चुकली तर निबंधक साहेबांनी सांभाळून घ्यावे. भाषा अचूक असलेले कागद मी पुष्कळ पाहिले आहेत.

२. राहते घर, त्यातील भांडीकुंडी, कपाटे व परसातील रातांब्याची दोन झाडे सौ. विनीता हिला मिळावीत. घर माझ्या नावावर असले तरी एकतीस वर्षे त्यातील एकही खिळा तिला विचारल्याशिवाय ठोकलेला नाही. तेव्हा हे दान नसून नोंदीतील दुरुस्ती समजावी. निवृत्तिवेतन नियमाप्रमाणे तिलाच मिळेल.

३. माझी हत्यारे, म्हणजे तारा जोडायला डाग देण्याची इस्त्री, तीन पकडी, खांबावर चढण्याचा कातडी पट्टा व तारेवर लावून बोलण्याचा काळा फोन, यांचा वारस चि. अनिश कमलाकर धारप, माझा एकुलता मुलगा. तो इंजिनीअर आहे. कॉलेजात असताना तो ही हत्यारे न विचारता नेत असे आणि बोथट करून आणून ठेवीत असे. आता रीतसर न्यावीत. गेली तीन वर्षे तो माझ्याशी बोलत नाही. पकडींना त्याचे काही नाही.

४. पोस्टातील माझ्या नावची मुदत ठेव श्रीमती बायजा रायबा ढेबे, राहणार आडावाडी, तालुका पोलादपूर, यांना मिळावी. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. गावात कुजबुज होऊ नये म्हणून कारण सविस्तर देतो. कुजबुज तरीही होईल, पण निदान लेखी पुराव्यासह होईल.

५. आडावाडी ही डोंगरमाथ्यावरची वस्ती. पाच घरे, सगळी ढेब्यांची, म्हशी पाळणारी. सन १९९५ मध्ये सरकारने वाडीला बिनतारी फोन दिला आणि तो रायबा ढेबे यांच्या पडवीत बसविण्याचे काम माझ्याकडे आले. पाचही घरची मुले मुंबईत कामाला होती. कोणाचाही फोन आला की रायबाने बाहेर येऊन त्या घराच्या नावाने हाका मारायच्या. पावसाळ्यात वाडी ढगात असते, हाक दहा पावलांवर विरते. माणूस धावत येईपर्यंत मुंबईकडचा फोन ठेवून मोकळा झालेला असे.

मी दुरुस्तीला गेलो असता रायबाची बायको बायजा मला म्हणाली, "धुक्यात मना म्हस दिसत नाय. पर घंटा वाजली का कळतं, ही चांदी, ही कपिली. तुजा फोन मातुर सगल्यांसाठी एकच बोंबलतो. त्याला अक्कल नाय काय रे दादा?"

फोनच्या वतीने मी ओशाळलो. नंतर खाली येऊन एक पेटी तयार केली. आकड्याचा सूर ओळखणारी चिप अनिशने मुंबईहून आणली. मुंबईच्या मुलाने फोन लागल्यावर एक ते पाच यांतला आपल्या घराचा आकडा दाबायचा, की पेटीतून तार ओढली जाऊन पडवीत टांगलेली त्या घराची घंटा वाजे. घंटा म्हशींच्याच. गोठ्यातल्या सात घंटा कानाशी वाजवून बायजावहिनींनी पाच निवडल्या. दोन बाजूला काढल्या. म्हणाल्या, "ह्या दोन सारक्या वाजतात. पावसात गफलत व्हईल." मी खात्याचे प्रशिक्षण दोनदा घेतलेला माणूस, मला त्या दोन घंटांतला सारखेपणा ऐकू आला नव्हता.

जानेवारी १९९६ मध्ये महाडला विज्ञान प्रदर्शन भरले. आम्ही पेटी नेली. घंटांची पाटी डोक्यावर घेऊन बायजावहिनी डोंगर उतरून आल्या. पहिला क्रमांक आला. प्रशस्तिपत्रावर शिक्का, तारीख आणि "कल्पना व रचना : क. मो. धारप" एवढेच होते. फॉर्म मीच भरला होता. वहिनींना वाचता येत नाही. त्यांनी विचारले, "काय लिवलंय रे?" मी म्हणालो, "पेटीचं नाव लिवलंय."

हे माझे पहिले खोटे. दुसऱ्या खोट्यासाठी आठ वर्षे थांबावे लागले, कारण तोवर देशात मोबाइल फोन बनविणाऱ्या कंपन्या निघायच्या होत्या.

सन २००४ मध्ये अनिश सुस्वर नावाच्या अशाच एका कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होता. नादवाणी नावाच्या दुसऱ्या कंपनीने सुस्वरवर दावा लावला. फोन कोणाचा आहे हे उचलण्याआधी घंटेच्या आवाजावरून कळावे, ही युक्ती आपण शोधली असून तिचे पेटंट १९९८ पासून आपल्याकडे आहे, सबब सुस्वरने आपले फोन विकू नयेत, असे नादवाणीचे म्हणणे. पेटंट म्हणजे एखादी युक्ती आपल्याआधी कोणाला सुचली नाही, असे सरकारने दिलेले प्रमाणपत्र. त्याआधी तीच युक्ती कुठे उघडपणे वापरात होती असे सिद्ध झाले की प्रमाणपत्र गेले. अनिशला पेटी आठवली. तो घरी आला, माळ्यावरून प्रशस्तिपत्र काढले आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही एक सही केलीत तर माझं आयुष्य मार्गी लागेल."

मी केली. "सदर युक्ती मला एकट्याला सुचली" हे वाक्य सुस्वरच्या वकिलांनी घातले होते. त्यांच्या मते एका माणसाची गोष्ट कोर्टाला पटते, दोघांची सांगितली की फाटे फुटतात. मी हरकत घेतली नाही. माझे नाव छापील होते.

पेटी जाग्यावर पाहावी आणि साक्षी इथेच नोंदवाव्यात म्हणून कोर्टाने कमिशनर नेमला. दोन्ही कंपन्यांचे वकील एकाच गाडीने वीर स्टेशनला उतरले. बाहेर रिक्षा एकच होती. परस्परांकडून कोट्यवधींची भरपाई मागणारे ते चार सद्गृहस्थ मांडीला मांडी लावून महाडपर्यंत आले, आणि रिक्षावाल्या मोरूच्या सांगण्याप्रमाणे वाटेत सर्वांनी मिळून महामार्गाला शिव्या दिल्या. उतरलेही एकाच लॉजमध्ये. दोन्ही पक्षांनी कोलंबी मागविली, दोन्ही पक्षांना ती तिखट लागली. दुसऱ्या दिवशी मंडळी आडावाडीला चढली. पेटीवर कोंबडी अंडी उबवीत बसली होती. नादवाणीच्या ज्येष्ठ वकिलांनी तिला उठविण्याची विनंती केली, तेव्हा तिने त्यांच्या बोटाला चोच मारली. संपूर्ण खटल्यात एवढी एकच कारवाई तत्परतेने झाली.

साक्षी महाडच्या लॉजमधल्या हॉलात झाल्या. मला विचारले, "ही कल्पना तुमचीच?" मी म्हणालो, "हो." त्यावर नादवाणीच्या वकिलांनी बायजावहिनींना उभे केले. त्यांना वाडीवर काहीतरी कुणकुण लागली असावी. रायबा तोवर वारले होते. वहिनी एकट्याच, पदर घट्ट लपेटून उभ्या होत्या.

"आजी, घंटांची युक्ती कोणाची? घाबरू नका, खरं सांगा."

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. मी टेबलाकडे पाहिले. मग त्यांनी अनिशकडे पाहिले. तो रुमालाने मान पुसत होता.

"त्याचीच," त्या म्हणाल्या. "ह्या दादाची. मना म्हशीतलं कळतं. फोनातलं काय कळनार?"

त्यांची साक्ष मराठीत लिहून वाचून दाखविली गेली : "मी, बायजा रायबा ढेबे, सदर पेटीच्या कामी काहीही केलेले नाही." वहिनींनी मान हलविली आणि अंगठा उठविला. कारकुनाने शाई पुसायला कागद दिला तो त्यांनी घेतला नाही, लुगड्यालाच बोट पुसले. बाहेर मी त्यांना गाठून विचारले, असे का सांगितलेत. त्या म्हणाल्या, "पोराला घाम फुटला व्हता रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी कमिशनरसमोर मी आपण होऊन उभा राहिलो आणि सांगितले की युक्ती बायजा ढेबे यांची, घंटा त्यांनी निवडल्या, मी फक्त तारा जोडल्या, आणि काल मी खोटे बोललो. तेही कागदावर लिहून घेतले गेले. नादवाणीचे वकील आनंदाने लाल झाले. म्हणाले, "काल शपथेवर खोटं बोलणारा माणूस तारखेबद्दल खरं कशावरून बोलतो?" सुस्वरचे वकील माझ्याकडे न पाहता कागद गोळा करू लागले. अनिश जिन्यात मला म्हणाला, "बाबा, तुम्हाला खरं बोलायला आजचाच दिवस सापडला?" त्यानंतर तो बोलला नाही. महिन्याअखेर त्याची नोकरी गेली.

नोकरी गेल्यावर आठच दिवसांनी दोन्ही कंपन्यांनी तडजोड केली. मी तुझी युक्ती वापरतो, तू माझी वापर, असे ठरले. वर्तमानपत्रात पूर्ण पान जाहिरात आली. दोन्ही मालक हातात हात घालून हसत होते आणि खाली लिहिले होते, "नवनिर्मितीच्या सन्मानार्थ." पेटी, तारीख, मी, वहिनी, कोंबडी यांपैकी कोणाचीही कोणाला गरज राहिली नव्हती.

मला वाटले, निदान वहिनी बऱ्या वाटतील. वाडीवर गेलो, तर त्यांनी पाणीसुद्धा विचारले नाही. "मी तुज्यासाठी शपत घेऊन खोटं बोलले," त्या म्हणाल्या, "आन् तू दुसऱ्या दिशी मना चार मान्सांत खोटी पाडलास. जा तू." एका खऱ्या वाक्यात मुलगा आणि वहिनी दोघेही गमावण्याचे काम माझ्याकडून पार पडले. याचे पेटंट मात्र कोणी मागितले नाही.

६. सुस्वर व नादवाणी या दोन्ही कंपन्यांना मी काहीही ठेवीत नाही. त्याची समान वाटणी त्यांनी आपसांत करावी व वाद झाल्यास महाडच्या त्याच लॉजवर उतरावे.

७. माझ्या दहाव्याला दूरध्वनी खात्यातील माझे माजी वरिष्ठ भाषण करू लागल्यास त्यांना थांबवावे. पेटी बसविली तेव्हा खात्याच्या मालमत्तेला परवानगीशिवाय घंटा जोडल्याबद्दल त्यांनी मला लेखी ताकीद दिली, आणि बक्षीस मिळाल्यावर फोटोत मध्यभागी उभे राहिले. ताकीद मी जपून ठेवली आहे. ती त्यांना सन्मानाने परत करावी.

८. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी सौ. विनीताला नेमतो. ती म्हणते की मी आधी मरेन हे मी गृहीत कसे धरले. धरले आहे.

९. हे कलम आज, चार दिवसांनी लिहीत आहे. वरील मजकूर पूर्ण करून मी सहीला बसणार, तोच अनिशचा फोन आला. विनीताने घेतला, ऐकले आणि माझ्या हातात दिला.

तो आता मोबाइलचे मनोरे उभारणाऱ्या ठेकेदाराकडे आहे. आडावाडीच्या माथ्यावर मनोरा होणार, त्याची जागा पाहायला तो आला होता. पोलादपुरावरून गेला आणि घरी आला नाही, हेही त्याने सांगितले. वर वहिनींनी त्याला ओळखले, बसविले, ताक दिले. त्याने त्यांची माफी मागितली. "माझ्या बाबांनी तुम्हाला खोटं पाडलं," म्हणाला.

"पाडलान तर पाडलान," वहिनी म्हणाल्या. "राग आला व्हता मना. आता सत्तर वर्सं झाली रे बाबा. रेशनकार्डावं मी रायबाची बायको. मतदानाच्या यादीत रायबाची बायको. पोरांच्या दाखल्यावं तर मी नायच. कोर्टाच्या त्या कागदावं तुज्या बापानं लिवलान, बायजानं केलं. तसं कंदी कुनी लिवलं नव्हतं."

अनिश एवढे सांगून थांबला. मग त्याने विचारले, "बाबा, रविवारी घरी आलो तर चालेल?"

मी म्हणालो, "ये."

सबब हा कागद सोमवारी महाडच्या निबंधक कचेरीत नोंदवायचा आहे. रविवारी आमचे पुन्हा वाजले, तर बदल करायला तेवढी सवड असावी.

वरील सर्व मजकूर मी वाचला, समजला, आणि खरा आहे. या वेळी सगळाच.

ठिकाण : पोलादपूर
दिनांक : १६ मार्च २००७

(सही) कमलाकर मोरेश्वर धारप

लिहून ठेवणाऱ्याने आमच्या समक्ष सही केली व आम्ही त्यांच्या समक्ष केली.

साक्षीदार :
१. (सही) सहदेव जानू उतेकर, निवृत्त मुख्याध्यापक, पोलादपूर
२. (सही) डॉ. मैथिली कान्हेरे, पोलादपूर. सही करताना रक्तदाब तपासला. रविवारपर्यंत मीठ कमी खावे.