डाव्या हातचा मळ

४ तारीख, सोमवार
नवं गाव, नवी नोकरी आणि वर साहेबासारखा पांढरा कोट! मेडिकल कॉलेजच्या संग्रहालयात मेंदूंच्या बरण्या सांभाळायच्या. काचा पुसायच्या, फॉर्मलिन बदलायचं, चिठ्ठ्या सुटल्या तर चिकटवायच्या. मॅडमनी एकच ताकीद दिली: मेंदू बाहेर काढताना दोन्ही तळवे त्याच्या खाली हवेत. घरी येऊन ताईला म्हटलं, हे तर माझ्या डाव्या हातचा मळ. ती म्हणाली, आधी दोन्ही हात धू आणि जेवायला बस.

५ तारीख, मंगळवार
खिडकीजवळच्या बरणीपाशी दर मंगळवारी एक शिंपी स्टूल ओढून बसतो. बरणीत त्याच्या आईचा मेंदू आहे. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला आणि तिच्यापुरतं डावीकडचं जगच संपलं. डोळे शाबूत, पण ताटातलं उजवीकडचंच जेवायची. स्वतःचा डावा हात दिसला की विचारायची, हा कुणाचा? हा डावीकडे बसून ‘आई, मी इथेच आहे’ म्हणत राहायचा आणि ती उजवीकडे शोधायची. म्हणून आता तो तिच्या उजव्या बाजूला, खिडकीकडेच बसतो. मला हसू आलं, ते दाबलं. माणूस भला आहे. माझ्या कोटाचा डावा खिसा उसवला होता, तो त्याने तिथल्या तिथे शिवून दिला.

११ तारीख, सोमवार
हातून वाईट घडलं. उजव्या हातात फोन, ताईशी गप्पा, आणि डाव्या हाताने शिंप्याच्या आईचा मेंदू उचलला. तो निसटून बरणीच्या काठावर आपटला. उजवीकडचा सुपारीएवढा तुकडा निघाला. मॅडम जेवायला गेल्या होत्या. तुकडा छोट्या बाटलीत घालून मी त्याच डाव्या खिशात लपवला आणि बरणी फिरवून ठेवली, तुटकी बाजू भिंतीकडे. कुणाला कळायचं नाही.

१२ तारीख, मंगळवार
शिंपी आला, नेहमीसारखा खिडकीकडे बसला. त्याला काय माहीत, आता तिकडे आईची डावी बाजू आहे! बरणीकडे वाकला. मग म्हणाला, “आई आज माझ्याकडे बघत नाही.” काही झालं का, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, उजेडाचा फरक असेल. माझी मलाच लाज वाटली. पण नोकरी नवी आहे. पुढच्या मंगळवारी नक्की सांगेन.

१५ तारीख, शुक्रवार
झोप नाही. डोळा लागला की शेजारी कुणी आहे असं वाटतं. ताई म्हणते, तू अर्धंच ताट जेवतोस. मी तर सगळं संपवतो. मग ती ताट फिरवते आणि त्यात आणखी जेवण निघतं. दाढीसुद्धा एकाच गालाची झाली आहे.

१७ तारीख, रविवार
अंथरुणात एक हात होता. थंडगार. मी ओरडलो. ताईने तो धरून माझ्याच खांद्यापर्यंत नेऊन दाखवला. ती रडत होती. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला. सगळं ठीक आहे म्हणाले. काय झालंय ते मला ठाऊक आहे. तेव्हाच सांगायला हवं होतं.

१९ तारीख, मंगळवार
शिंपी आला नाही. मॅडम म्हणतात आला होता, तासभर माझ्या शेजारीच बसून गेला.

२४ तारीख, रविवार
ताई म्हणते मी वहीच्या अर्ध्याच पानावर लिहितो. पान एवढंच तर आहे. तो हात रात्री माझं तोंड चाचपत —

२६ तारीख, मंगळवार
आज सांगणार. एका हाताने बरणी सरळ केली. आता तुकडा त्याच्या हातात द्यायचा, माफी मागायची. स्टूल ओढल्याचा आवाज झाला. कुणी दिसत नाही. उजवीकडे वळलो, पुन्हा उजवीकडे —

कुणीतरी म्हणतंय, “मी इथेच आहे.”

अगदी जवळून. थांबा, देतो. बाटली खिशातच आहे, तुम्ही शिवलेल्या. पण या कोटाला तर एकच खिसा —