रविवारी पडणारी मुलगी

प्रिय जावईबापू,

(हे संबोधन अजून चालतं की तुम्हा नवरा-बायकोच्या वाटणीत तेही गेलं, मला कल्पना नाही. दुसरं सुचेपर्यंत हेच चालवून घे. जे सुचतंय ते कागदावर लिहिण्यासारखं नाही.)

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार. तुझ्या शिट्टीची. आठवड्यातले सहा दिवस मी सकाळपासून खिडकीशी बसून लोकांच्या कवळ्या घासते. रविवारी उशिरा उठणं ही माझी एकमेव चैन. गेले कित्येक रविवार माझ्या उशापासून हातभर अंतरावर, दूधवाल्याच्याही आधी, ती शिट्टी वाजते आणि मी अंथरुणात ताडकन उठून बसते, जणू सामना माझ्यामुळेच थांबलाय. सहा वर्षांच्या पोरीला सायकल शिकवायला शिट्टी लागते हा शोध तुझाच. गळ्यात दोरी, डोक्यावर टोपी, पायांत कोरे करकरीत बूट. बँकेच्या अधिकाऱ्यांना दिवसभर आत्मविश्वास शिकवून पोट भरणारा माणूस तू, तुझं काही चुकत असेल अशी शंका तुला यावी तरी कुठून? पण त्या अधिकाऱ्यांना निदान दुपारचं जेवण फुकट मिळतं. आमच्या लिंबूला काय मिळतं? फुटलेला गुडघा.

तुझी शिकवणी मी पडद्याआडून पाहिली आहे. "बॅलन्स! अगं, बॅलन्स कर!" तू असा ओरडतोस, जसं काही पोरगी तो घरी विसरून आली आहे आणि वर जाऊन डब्यातून घेऊन येईल. मग एका दमात, "समोर बघ, पेडल मार, ब्रेक लाव, घाबरू नकोस, घाबरलीस ना?" वर गॅलरीतून ते निवृत्त इंजिनिअर आजोबा वेग आणि तोल यांचा संबंध समजावतात. त्यांच्या स्वतःच्या दाराशी ठेवलेल्या सायकलीत कोळ्यांच्या तीन पिढ्या नांदल्या आहेत. तू खालून मान डोलावून "करेक्ट, सर" म्हणतोस. एवढ्यात पोरगी पडते. मग तू शिट्टी वाजवतोस. ती पडली आहे हे तिला कळावं म्हणून असेल.

दोन पुरुष, एक शिट्टी आणि सगळं विज्ञान मिळून जे जमलं नाही, ते मी कवळ्यांची ऑर्डर सांभाळून केलं, हे तुला सांगायला मला जो आनंद होतोय तो मी लपवणार नाही. लिंबू शाळेतून माझ्याकडे येते आणि तिची आई दुकान बंद करून येईपर्यंत माझ्याकडेच असते, हे तुला आठवत असेलच. एका सोमवारी गुडघ्याला मलम लावता लावता मी म्हटलं, बाई, आपण या सायकलीचे पायच काढू. जिन्याखालून सायकल ओढली, तू सीटखालच्या पिशवीत ठेवलेला पाना घेतला आणि पेडल काढायला बसले. उजवं निघालं. डावं निघेना. मी जोर लावला, आणखी जोर लावला, शेवटी पान्यावर जवळजवळ उभी राहिले. बोटांची सालं निघाली. तेव्हा कळलं की डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. मी सोडवतेय असं समजून जितका जोर लावत होते, तितकं ते घट्ट बसत होतं. त्या क्षणी मला तुझी फार आठवण आली.

पुढे काही विशेष केलं नाही. सीट इतकी खाली घेतली की तिचे दोन्ही तळवे जमिनीला टेकले. म्हटलं, आता चाल. ती बदकासारखी चालली. मग पळाली. मी खिडकीत मेणाच्या हिरड्यांत दात बसवत होते, तोल हा शब्द मी तोंडातून काढला नाही. फाटकाकडे जरासा उतार आहे ना, तिथे तिनेच एकदा दोन्ही पाय वर उचलले. तिचं तोंड उघडं राहिलं होतं. माझंही. हातातल्या कवळीचं तर असतंच. काही दिवसांनी तीच म्हणाली, "मावशी, आता पाय परत लाव." लावले. डावं उलटं फिरवून, पहिल्या झटक्यात.

आता दम धर. ही गोष्ट तीन महिन्यांपूर्वीची आहे.

तुझी मुलगी सायकल चालवते. पाण्याच्या टाकीला वळसा घालते, एका हातात बिस्कीट धरून. घंटी वाजवत मांजराच्या मागे लागते. परवा तिने शेजारच्या मोठ्या पोरांना मागे टाकलं. तीच पोरं, जी तिला खेळात कच्चं लिंबू म्हणून घेत आणि ज्यांच्यामुळे तिचं हे नाव पडलं. सोमवार ते शनिवार ती पडत नाही. ती फक्त रविवारी पडते.

मला आधी वाटलं, शिट्टीला घाबरते. साहजिक होतं, मीही घाबरते. मग एका रविवारी झोपेचं खोबरं झालंच होतं म्हणून नीट पाहत बसले. भिंतीच्या डागडुजीसाठी आणलेला वाळूचा ढीग आहे ना, पोरगी पडते ती नेहमी त्याच्यावरच. पडायच्या आधी मान किंचित वळवून ढीग कुठे आहे ते बघते, मग हँडल झोकते, आणि पडल्यावर पहिल्यांदा तुझ्याकडे बघते. लोकांना चेहऱ्यावरचा आत्मविश्वास वाचायला शिकवतोस म्हणे. हे तुला वाचता आलं नाही. तू तेव्हा मोबाइलवर 'सराव क्रमांक अमुक' लिहून घेत होतास.

संध्याकाळी मी तिला विचारलं. ती बराच वेळ बुटाच्या बंदाशी खेळली. मग म्हणाली, "पोहायला आलं तेव्हा बाबांनी सर्टिफिकेट दिलं. मग रविवार बंद झाले."

आठवलं? मागच्या वर्षीचं पोहणं. दर रविवारी तलावावर न्यायचास. ती पार पल्याड गेली त्या दिवशी तू सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र छापून आणलंस, खाली स्वतःचीच सही ठोकलीस, फोटो काढून सगळ्या गटांवर टाकलास आणि पुढचे पाच महिने तुला कामाचा भयंकर ताण होता. काम फत्ते, फाइल बंद. मग सायकल आली तसा तू परत आलास. पोरीने यातून जो धडा घ्यायचा तो घेतला. तुझ्या सगळ्या शिबिरांत मिळून कुणी एवढा पक्का धडा घेतला नसेल. बाबा हवे असतील तर शिकून चालत नाही.

तिने माझ्याकडून वचन घेतलं, आईला सांगायचं नाही आणि बाबांना तर नाहीच. मी दिलं. कवळ्या बनवणाऱ्या बाईने तोंड बंद ठेवायचं हे मला धंद्यानेच शिकवलंय. निम्म्या गावात कुणाचं हसू खरं, कुणाचं माझं, हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. हेही पोटात ठेवलं असतं. पण काल बहीण खाली आली, डोळे सुजलेले. तू तिला कळवलंस म्हणे की मुलीच्या तोलातच दोष आहे, इतक्या शास्त्रशुद्ध प्रशिक्षणानंतरही प्रगती शून्य, आणि पुढच्या गुरुवारी मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. कान तपासणार, डोक्याचा फोटो काढणार. तुझ्या शिकवण्यात खोट निघण्यापेक्षा तुझ्या पोरीच्या डोक्यात निघालेली बरी, असा तुझा हिशेब दिसतो. बहिणीला रात्रभर झोप नाही. आणि लिंबू? दाराआडून तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं रडेल. तिने माझ्या कुशीत शिरून एवढंच विचारलं, "मावशी, डॉक्टरकडे बाबाच नेणार ना? की आई?" बाबाच, म्हटल्यावर तिचा चेहरा असा खुलला की मला हातातलं काम खाली ठेवावं लागलं.

म्हणून हे पत्र. फोन केला असता तर तू मला "मुद्द्यावर या, ताई" म्हणाला असतास. तर मुद्दा असा. ती वेळ रद्द कर. बहिणीला सांग, माझाच अंदाज चुकला. हे वाक्य तू आजवर वापरलेलं नाहीस, आरशासमोर एकदोनदा म्हणून बघ. रविवारी ये, शिट्टीशिवाय. तुला सगळं कळलंय हे लिंबूला कळू देऊ नकोस. पडायचं तेवढं पडू दे, वाळू मऊ आहे. फक्त येताना एक सायकल स्वतःसाठीही आण आणि तिला सहज बोलल्यासारखं म्हण, "तुला सायकल आली की आपण दोघं दर रविवारी लांब फिरायला जाऊ." मग बघ तिला किती वेळ लागतो. प्रमाणपत्र छापलंस तर याद राख. आणि फिरायला जाऊ म्हणून गेला नाहीस, तर माझ्या वचनाची मुदत तिथेच संपली असं समज. आज मात्र बहिणीला यातलं काही सांगणार नाही. तिने हे तिच्या वकिलाला सांगितलं तर तुझ्या वाट्याला रविवारही उरणार नाहीत, हे तुलाही माहीत आहे. तुझ्यासाठी काही लपवावं अशी तुझी लायकी नाही. पण माझे मिस्टर गेल्यावर या वयात स्कूटर शिकायची वेळ आली, तेव्हा तू महिनाभर संध्याकाळी माझ्या मागे पळायचास, शिट्टीबिट्टी काही नव्हती, आणि मी स्कूटरसकट त्या शिंप्याच्या दुकानात घुसले ते तू घरी कधी कुणाला कळू दिलं नाहीस. बहीण अजून समजते की माझ्या हाताला ती खूण कवळीच्या कातरीने झाली. तर ते गुपित तुझ्याकडे होतं, हे माझ्याकडे राहील. फिटलं.

तुझीच,
आजी की माजी, ते तूच ठरव, पण मेहुणी