चिखलाचे टायर आणि न फुटलेली लिंबं

बुकित पंजांग, सिंगापूर
ऑगस्ट २०१५

तीर्थरूप उद्धवमामांस,

अकराव्या मजल्यावरून प्रबोधचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण आमच्या हॉलमध्ये सध्या आडवं पडायला जागा नाही, तिथे चार टायर आहेत. (त्यांची हकिगत पुढे येईलच.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींची साखर ताब्यात आहे ना? सकाळचं फिरणं चालू आहे, की पावसाचं निमित्त करून ज्येष्ठ नागरिक संघात कॅरम कुटत बसता? पत्र मुद्दाम संघाच्या पत्त्यावर पाठवतोय. घरी पाठवलं असतं तर आई वरच्या मजल्यावरून उतरून तुमच्याआधी ते वाचून मोकळी झाली असती. फोन करावा तर तुम्ही तो स्पीकरवर टाकून हॉलच्या मधोमध ठेवता, आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काही लिहिलं की पहिलं उत्तर आईचंच येतं, बहुधा माझं वाक्य पुरं व्हायच्या आधी. म्हणून कॉलेज सुटल्यापासून पहिल्यांदाच इतकं लांब हाताने लिहितोय. अक्षर सांभाळून घ्या.

तर मामा, बातमी अशी की मी टायर घेतले! असेतसे नाही, चिखलाचे. तळहाताएवढे ठोकळे आणि मध्ये बोट आत जाईल अशा खाचा. गेले दोन आठवडे मी ऑफिसातून निघाल्यावर आधी गाडीला एक प्रदक्षिणा घालतो आणि मग दार उघडतो. गेल्या वर्षी मी ही जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह घेतली तेव्हा सगळ्या घरात एकटे तुम्हीच ‘शाब्बास’ म्हणाला होतात, ते मी विसरलेलो नाही. बाकीच्यांनी अक्कल काढली. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं म्हणा. या गाडीचा रोजचा पराक्रम म्हणजे जाईला शाळेत सोडणं, ऑफिसला जाणं आणि रविवारी गणपतीच्या नाटकाच्या तालमीसाठी मरीन परेडला कुणाच्या तरी घरी पोचणं. वाटेतला सगळ्यात दुर्गम प्रदेश म्हणजे आमच्या ब्लॉकखालचा स्पीडब्रेकर. चारही चाकांना जोर देणारा दांडा मी आजवर एकदाच ओढलाय, तोही पार्किंगमध्ये, आणि जाई तेव्हा सीटखाली तोंड लपवून बसली होती.

पण डिसेंबरात तुम्ही आणि आई इथे येताय, आणि इथल्या जीपवाल्यांचा क्लब डिसेंबरातच पूल ओलांडून मलेशियात एका रबराच्या मळ्यात जातो. मळा खाजगी आहे, मालकाची परवानगी असते, आणि आत नुसता चिखल, मामा, नुसता लाल चिखल! मी दोन जागा अडवून ठेवल्यात, एक माझी आणि एक तुमची. तुम्हाला आठवतं ना, मी नऊ वर्षांचा असताना धरणाच्या साइटवर खात्याच्या जीपमध्ये तुमच्या शेजारी बसलो होतो, आणि काळ्या मातीत जीप अशी रुतली की बैल आणावे लागले? तेव्हा कपाळाचा घाम पुसत तुम्ही म्हणालात, “गाडी वाईट नाही रे प्रबोध, टायर वाईट आहेत.” ते वाक्य मी तेव्हापासून सांभाळलंय. इंजिनियर झालो, सॉफ्टवेअरमध्ये गेलो, परदेशात आलो, पण त्या चिखलातून काही बाहेर आलो नाही. आता एकदा तुम्हाला शेजारी बसवून बाहेर यायचंय. माझं सगळं घोडं त्यासाठीच अडलंय.

तर जुने टायर तुळतुळीत झाले आणि एका पावसात सिग्नलपाशी गाडी थोडी घसरली, तेव्हा नवे घेणं भागच पडलं. टायर तीन जातींचे असतात. रस्त्याचे, हे शांत आणि सालस. चिखलाचे, म्हणजे माझे. आणि दोहोंच्या मधले, ज्यांना सगळीकडे चालणारे म्हणतात. आमचा निशिकांत (कोथरूडचा, इथे विद्यापीठात रबर ताणून तोडण्याचं संशोधन करतो, लग्न झालेलं नाही, दर शनिवारी आमच्याकडे जेवतो) याने भरल्या वांग्यांवर ताव मारता मारता मला लॅपटॉपवर आलेख काढून दाखवला आणि निकाल दिला की मधले घे. मी म्हटलं, मधले म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. सुमेधाचं मत रस्त्याच्या टायरांना. ती बँकेत चाळीस माणसं सांभाळते, त्यामुळे घरी वाद घालत नाही, प्रश्न विचारते. चिखलात कधी जाणार, असं तिने विचारलं. मी म्हटलं डिसेंबरात. मग डिसेंबरात घे, असं म्हणून तिने वांगं वाढलं. ओल्या रस्त्यावर चिखलाचे टायर ब्रेक दाबल्यावर उशिरा थांबतात आणि इथे रोज पाऊस पडतो, हा तिचा मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी तो ऐकला नाही असं दाखवलं. (आता हळू चालवतो. शपथ घेतलीय.) जाईला विचारलं तर ती वहीतून मान वर न करता म्हणाली, “पप्पा, सिंगापूर व्हेअर गॉट मड? नो मड लाह.” आमच्या मुलीला मराठी येतं मामा, पण बापाचा पाणउतारा करायचा असला की ती इथलीच होते.

शेवटी एका शनिवारी यिशुनच्या एका टायरवाल्याकडे गेलो. सोबत निशिकांत, म्हणजे त्याचा आलेख. घरी ठरलं होतं की मधले घ्यायचे. मी मानही डोलावली होती. पण दुकानाच्या दारातच ते चिखलाचे टायर एकावर एक रचून ठेवले होते आणि त्या नव्या रबराचा वास आला! तुमच्या त्या जीपच्या स्टेपनीवर बसून मी कैरी खायचो, तोच वास. मग काय, ठरलेलं सगळं मुसळ केरात. दुकानदार हसतमुख गृहस्थ, ज्या टायरवर हात ठेवाल तो जगात बेस्ट म्हणणारा. त्याने विचारलं, जंगलात कुठे कुठे जाता? निशिकांतने माझ्या वतीने सांगितलं, ऑफिसला. तरी टायर चढले. आणि जुने चार मी घरी घेऊन आलो. (दुकानदार म्हणाला ठेवून जा, पण चांगली वस्तू अशी टाकवते का? लागते कधीतरी. तुमच्याच घराण्याचं वळण.) दोनांवर काच ठेवून सुमेधाने टीपॉय केलाय, एकात जाई बसते आणि उरलेल्याला पाहुणे ठेचकाळतात.

नव्या टायरांचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा येतो. वेग वाढला की गिरणीत बाजरी पडल्यासारखा. त्यातून गाडी जराशी उंच झाली, तेव्हा आमच्या बहुमजली पार्किंगच्या तोंडाशी साखळीने टांगलेला जो आडवा बार असतो तो आता छतावरच्या कॅरिअरला लागून रोज टण्ण वाजतो. अख्ख्या ब्लॉकला कळतं, मिस्टर प्रबोध आले. कॅरिअर काढ असं सगळे सांगतात. काढेन. पण खरं सांगू का, तो टण्ण ऐकला की माझी छाती फुगते.

इथवर सगळं उत्तम होतं. माशी शिंकली ती पूजेला. नवे टायर म्हणजे नवी गाडीच, पूजा झाल्याशिवाय जाईला त्यात बसवायचं नाही, हा आईचा हुकूम, आणि पूजा व्हिडिओवर तिच्या देखरेखीखाली व्हायची. तुम्ही तेव्हा मामींना घेऊन दवाखान्यात गेला होतात, नाहीतर मला आधार झाला असता. मी पार्किंगच्या चौथ्या मजल्यावर हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली, नारळ वाढवला. (बादलीत. जमिनीवर पाणी सांडलं असतं तर झाडूवाल्या आजी बोलल्या असत्या, आणि त्या आईपेक्षा कडक आहेत.) मग चार चाकांखाली चार लिंबं. आता लिंबू आणायचं काम माझ्याकडे होतं, आणि मी ते आमच्या खालच्या मार्केटमधून आणलं होतं. इथे मिळणारं हिरवं लिंबू, मामा, सुपारीहून थोडं मोठं, नूडल्सवर पिळतात ते. सुमेधा म्हणाली होती, टेक्क्याच्या भारतीय बाजारात जाऊन आपली पिवळी लिंबं आण. मी म्हटलं, लिंबू ते लिंबू.

मी गाडीत बसलो, सुमेधाने फोन धरला, तिकडून आईने “हं, घे पुढे” म्हटलं आणि मी घेतली. काही आवाज नाही. खाली उतरून पाहतो तो दोन लिंबं जिथल्या तिथे, चकचकीत, खरचटलेलीसुद्धा नाहीत. ठोकळे त्यांच्या दोन्ही बाजूंनी निघून गेले, लिंबं खाचेत सुखरूप. तिसरं घरंगळत शेजारच्याच्या गाडीखाली गेलं. चौथं सापडेचना. मी गाडी मागे घेतली, पुढे घेतली, पुन्हा मागे घेतली. शेवटी जाईने दाखवलं, ते मागच्या चाकाच्या खाचेत घट्ट बसलं होतं आणि चाकाबरोबर फिरत होतं. आईने फोन चारही चाकांजवळ न्यायला लावला. मग आई म्हणाली, “प्रबोध, लिंबू फुटलं नाही.” मी म्हटलं, आई, ही खाचांची रचना आहे, निशिकांत तुला आलेख दाखवील. ती म्हणाली, “उद्धवची पहिली जीप आणली तेव्हाही फुटलं नव्हतं. आणि मग बैल आणावे लागले.” पुढचा निकाल असा, की नात त्या गाडीत बसायची नाही, आई स्वतः विमानतळावरून टॅक्सीने येणार, आणि उद्धवला तर त्या गाडीच्या आसपास फिरकू द्यायचं नाही.

म्हणजे बघा, टायर घेतले ज्याच्यासाठी, त्यालाच बंदी! मला इतका राग आला, मामा, की मी ते चौथं लिंबू काढलंच नाही. ते अजून तिथेच आहे, आणि रोज ऑफिसला येतं. जाई आता शाळेच्या बसने जाते आणि खूश आहे. सुमेधाने फक्त परवा विचारलं, रस्त्याच्या टायरखाली लिंबू फुटतं का रे?

मामींना नमस्कार, तुम्हाला पुन्हा एकदा. बाकी सर्व क्षेम. चिखलाकडे डोळे लावून बसलेला,

तुमचा भाचा
प्रबोध

ता. क. हालहवाल कळवायला म्हणून लिहिलं. काम तसं काही नाही. फक्त एक. आई तिकडे कधी विषय काढील तेव्हा तुम्ही सहज म्हणायचं, की पाटबंधारे खात्यात न फुटलेलं लिंबू फार शुभ मानत, आणि ज्या जीपखाली लिंबू सुखरूप राहिलं तिला कधी अपघात झाला नाही. तुम्ही चाळीस जीपगाड्या वापरल्या आहेत, तुमचं ती ऐकेल. (मला माहीत आहे, तुम्ही कार्यकारी अभियंता होऊन निवृत्त झालात आणि अजून चप्पल घ्यायची तरी तुमच्या ताईला, म्हणजे आमच्या आईला, विचारता. पण एकदाच धीर करा.)

ता. क. २. सोसायटीच्या गेटचा खांब पाडलात तेव्हापासून ताईने तुमच्या मोटारीची किल्ली तिच्या कपाटात ठेवलीय हे मी जाणतो. पण लायसन्स तुम्ही गुपचूप रिन्यू करता हेही जाणतो. सोबत आणा. मी काही म्हणत नाही, नुसतं आणा.

ता. क. ३. मामा, मी सुमेधा. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं होतं, पाकीट उघडंच होतं, वाचलं. तुम्हाला खोटं बोलायची गरज पडणार नाही. काल मी टेक्क्याहून चार मोठी पिवळी लिंबं आणली आणि प्रबोध झोपलेला असताना गाडी स्वतः काढून त्यांच्यावरून नेली. इतकी फुटली की बिया भिंतीवर गेल्या. आईंना व्हिडिओ दाखवला, त्यांचं समाधान झालं. मग त्यांनी विचारलं की एवढे राक्षसी टायर घेतले तरी कशाला, आणि मला खोटं बोलता येत नाही, मी मळ्याचं सगळं सांगितलं. आई मळ्यात येणार आहेत. पुढच्या सीटवर. टायरांबद्दल माझी तक्रार आता राहिली नाही, त्यांच्या आवाजात प्रबोधचं गाणं ऐकू येत नाही. हॉलमधले मात्र उद्या जातील.

आणि लायसन्स आणाच. आई म्हणाल्या, “रस्ता आहे तोवर प्रबोधला चालवू दे. चिखल लागला की स्टीअरिंग उद्धवकडे. काळ्या मातीत बैल येईपर्यंत त्याने गाडी उलटू दिली नव्हती, पोर आत होतं. आणि लायसन्स तो रिन्यू करतो, मला काय कळत नाही?” प्रबोधला हे अजून सांगितलेलं नाही. तो मागे बसेल, आईंच्या लाडवांचा डबा धरून.