पारूबाईंच्या भिंगाचा नंबर

६ नोव्हें. २००३, गुरुवार
आजही यादी उघडली नाही. मोतीबिंदूच्या शिबिरातल्या म्हाताऱ्यांची यादी माझ्या ऑफिसातल्या नव्या कॉम्प्युटरवर. माझा जुना आता ऑपरेशनच्या खोलीत, मंदा सिस्टरकडे. मधे वायर टाकलीय. यादी सिस्टरला तिकडून उघडता यावी, एवढंच पाहिजे. मी जुना चालू केला तर पासवर्ड मागतो. आम्ही कुणी कधी ठेवलेलाच नाही. दवाखान्याचं नाव टाकलं, डॉक्टरांचं टाकलं, शेवटी गणपतीचं. सिस्टरनं चालू केला तर नवा सापडतच नाही म्हणतो. मशीन एक, दुखणी दोन.
तोवर फ्लॉपीत भरून नेऊन देतोय.

९ नोव्हें., रविवार
डॉ. पुण्याहून आले, तपासणी झाली. पुढच्या रविवारी ऑपरेशनं. दोन्हीकडच्या याद्या शेजारी धरल्या. सात जणांचे नंबर जुळत नाहीत. इनामगावच्या पारूबाईंच्या डोळ्यात बसवायचं भिंग माझ्या यादीत २१, सिस्टरच्या यादीत २३. त्यांचा दुसरा डोळा कधीच गेलेला, हा एकच. डॉ. सिस्टरला सगळ्यांसमोर बोलले. ती खाली मान घालून ट्रे पुसत राहिली. मी माझी यादी घडी घालून खिशात ठेवली.

१० नोव्हें., सोमवार
दौंडच्या रेल्वे कॉलनीतली रुखसाना आली, न्हावऱ्यावरून येणाऱ्या पहिल्या एसटीनं. वडील गार्ड होते. ही कॉम्प्युटर शिकवते, म्हणून बोलावली. मी चहा मागवला, मग लक्षात आलं, रोजे चालू आहेत. ती म्हणाली, तुम्ही घ्या काका, मला काही होत नाही.
मला वाटलं, आता स्क्रू काढील. तिनं मशीनला हातच लावला नाही. खुर्ची मागं ओढून बसली आणि सिस्टरला म्हणाली, रोज सकाळी करता तसं करा. सिस्टरनं बटण दाबलं, नाव-पासवर्डाची चौकट आली, तिनं एस्केप मारलं. रोज तेच करते, चौकट जाते म्हणून. मग मला करायला लावलं. मी ओके करतो.
झालं. तिला तेवढ्यात समजलं. एस्केप मारलं की जुना वायरीवर जातच नाही. ओके केलं की माझं नाव सांगत जातो, पण नव्याला ते नाव ठाऊक नाही, म्हणून अडवतो. तिनं जुन्यावर सिस्टरच्या नावानं पासवर्ड ठेवला आणि नव्यावर तेच नाव, तोच पासवर्ड नोंदवला. यादी उघडली. आम्ही दोघं एकोणीस दिवस मशीनकडं बघत होतो. ही पोरगी आमच्याकडं बघत होती.

११ नोव्हें., मंगळवार
आज दोन याद्यांची एक करायची. रुखसाना आजही आली. तिनं विचारलं, सिस्टर तिकडं दुरुस्ती करायच्या, मग ती फ्लॉपी परत इकडं कोण आणायचं?
कुणीच नाही. नेऊन द्यायचो मी. परत आणायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.
तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, ते लागलं. दुपारी डॉ.ना फोन केला. सांगितलं, चूक माझी, सिस्टरची नाही. ते म्हणाले, सिस्टरला फोन द्या. काय बोलले कळलं नाही. ती नुसतं हो सर, हो सर म्हणत होती. पण ट्रे पुसत नव्हती.
मी रु.ला म्हणालो, मग सिस्टरची यादी ताजी, तीच घेऊ.
“ताजी कोणती ते मी सांगते काका. बरोबर कोणती ते डोळाच सांगणार. सातही जणांचं परत मोजा.”

१२ नोव्हें., बुधवार
नवीनच. सिस्टरनं यादी उघडली तर ‘फाइल वापरात आहे, फक्त वाचता येईल’. रु.ला दौंडला फोन लावला. तिनं एकच विचारलं, तुमच्याकडं उघडी आहे का? होती. सकाळी उघडतो ती दिवे लागेपर्यंत तशीच. जेवायला गेलो तरी. एकानं उघडी ठेवली की दुसऱ्याला लिहिता येत नाही. लिहून झालं की बंद करायची, इतकं साधं. त्यात लाइट गेली तर काय करायचं तेही तिनं सांगितलं, कागदावर लिहून भिंतीला लावलंय.

१४ नोव्हें., शुक्रवार
सातही जण आले. कुणी दुधाच्या टेम्पोतून, कुणी लेकाच्या मोटारसायकलवर. सिस्टरनं प्रत्येकाचं तीनदा मोजलं. पाच जणांचे सिस्टरचे नंबर बरोबर, दोघांचे माझे. पारूबाई २३.
रु. न बोलावता आली. पारूबाई घाबरलेल्या, डोळा मोजायच्या मशीनपुढं हनुवटी ठेवीनात. रु. त्यांच्याजवळ बसून बोलत राहिली, गावाचं, शेरडांचं. त्यांनी तिचा हात सोडलाच नाही. ती घरी पोचेपर्यंत रोजा सोडायची वेळ होऊन जाणार. स्टँडवर खजूर घेऊन दिले. माझी एक पुतणी तिच्याच वयाची. पण मला त्या वयात असं बघायला कुणी शिकवलं नव्हतं.

१६ नोव्हें., रविवार
चौतीस ऑपरेशनं. डॉ. दर वेळी विचारायचे, सिस्टर नंबर? सिस्टर पडद्यावरून वाचायची. एकदाही परत विचारलं नाही त्यांनी.
पारूबाईंचं अकरावं. दुपारी खाटेवर पडलेल्या, डोळ्यावर पट्टी. मी म्हणालो, उद्या सकाळी पट्टी काढणार.
“ती दौंडची पोरगी यील का? आवाज वळकते मी तिचा. तोंड न्हाई बगितलं अजून.”
तिचे उद्या क्लास आहेत. तरी फोन केला. पाहते म्हणाली, पहिली एसटी मिळाली तर.