बायडाबाईंची कोंबडी

तीर्थरूप लताआत्यास नवनाथचा साष्टांग नमस्कार.

गुडघे काय म्हणतात? इकडे नाशकात आम्ही सगळे मजेत. पेठला तुझ्या घरात फोन लागत नाही, म्हणून हे पत्र.

मी कॉलेजात नेमकं काय शिकवतो, हे तू दर दिवाळीला विचारतेस (आणि मी 'कॉम्प्युटर' म्हणून सुटतो). तर ऐक. फोनचा कॅमेरा मैदानावर धरायचा; पडद्यावर खरं मैदान दिसतं आणि त्यात नसलेलं काहीतरी पळताना दिसतं. याला ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात. असे खेळ रचायला मी शिकवतो. विषय यंदाच सुरू झालाय. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना आवडला नाही तर बंद.

तेजल आणि ओम या माझ्या विद्यार्थ्यांनी कोंबडी पकडायचा खेळ केला. तपासायला मीच घेतला. कोंबडी पडद्यावर, आणि मैदानात मी एकटाच, एक हात पसरून वाकून धावणारा (खिडकीत प्राचार्य उभे होते, हे नंतर कळलं). धावता धावता मेंदीच्या कुंपणात शिरलो. मैदान झाडणाऱ्या बायडाबाईंनी ओढून काढलं आणि काय हरवलं ते विचारलं. कोंबडी, म्हणालो. बाई लगेच झाडूनं झुडपं हलवायला लागल्या. मी ओशाळून फोन दाखवला.

"सर, ही कोंबडी नाय, रिक्षा हाय. सरळ जाती अन् थांबती."

वर्गाला मैदानात बोलावून विचारलं, तर बत्तीस जणांपैकी एकही जण कधी कोंबडीमागं धावला नव्हता. मग बाईंनी पदर खोचला आणि स्वतःच कोंबडी झाल्या. मान तिरकी, चाल सावकाश, आणि हात लागणार तोच भलतीकडे वळण. सगळा वर्ग दमला, बाई सापडल्या नाहीत. (प्राचार्य रागवायला खाली आले होते, तेही दोनदा आडवे झाले.) ओमनं हे सगळं टिपलं आणि तेजलनं त्यावरून कोंबडीची चाल नव्यानं बसवली.

शुक्रवारी परीक्षकांनी पाच मिनिटांसाठी फोन घेतला आणि पाऊण तास धावले. आधी कोट काढला, मग बूट. कोंबडी सापडली तेव्हा मातीत बसून हसत होते. विषय वाचला. खेळ रचणाऱ्यांत पहिलं नाव बायडाबाईंचं आहे. ते पडद्यावर बघून बाईंनी पदरानं फोनची काच पुसली. मग म्हणाल्या, "आता बकरी करा."

तुझा लाडका (असं मीच ठरवलंय) भाचा,
नवनाथ

ता. क. तुझ्या बकऱ्या अजून आहेत ना?

पुन्हा ता. क. रविवारी सकाळी आम्ही चौतीस जण (वर्ग, बायडाबाई आणि मी) येतोय. तूच आग्रहानं बोलावलंस, असं मी प्राचार्यांना सांगितलंय. पत्राआधी आम्हीच पोचलो, तर तेवढं हसून 'या' म्हण.